हवा खाणारी शाळा

हवापालटासाठी माथेरान-महाबळेश्वर गाठणे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगले ठाऊक होते. पण मोकळी हवा हाच शिक्षणाचा पहिला धडा मानून तिच्यासाठी चार मजली शाळा बांधायची, हे धाडस ॲम्स्टरडॅममधल्या काही शिक्षणवेड्या मंडळींनी १९३० साली करून दाखवले. शाळा आजही तिथेच आहे, शहराच्या दक्षिण भागात, क्लिओस्ट्राट नावाच्या एका शांत रस्त्यावर. मुख्य म्हणजे तिच्यात आजही शाळाच भरते. तिचे मूळ नाव लांबलचक, 'निरोगी मुलासाठी पहिली खुल्या हवेची शाळा'. वास्तुशिल्पज्ञ यान डाउकर. विसाव्या शतकातल्या वास्तुकलेवरचा एखादा जाडजूड ग्रंथ उघडावा आणि त्यात हिचे छायाचित्र नसावे, असे क्वचितच घडते.

आपल्यापैकी ॲम्स्टेलव्हीनला राहणारी कितीतरी कुटुंबे पाच नंबरच्या ट्रामने बेथोव्हेनस्ट्राटमधून ये-जा करतात. तिथून ही शाळा पायी काही मिनिटांवर आहे. पण भारतातून आलेल्या पाहुण्यांना कालव्यातली होडी, व्हॅन गॉघची चित्रे आणि मोसम असेल तर ट्यूलिपचे मळे दाखवून झाले, की आपले ॲम्स्टरडॅम संपते. ते थोडे लांबवावे, असा या लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू जरा तक्रारीचा आहे. ही शाळा कशी जपली गेली आणि तिच्यातले नेमके काय जपले गेले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर माझ्या मते पहिल्याइतके समाधानकारक नाही.

आधी थोडी पूर्वपीठिका. क्षयरोगावर औषध नव्हते त्या काळात ऊन, हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच इलाज असे. आपल्याकडेही मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम याच समजुतीवर उभे राहिले. युरोपात हाच विचार शाळांपर्यंत पोहोचला. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ साली पाइनच्या झाडांत अशक्त मुलांसाठी 'रानातली शाळा' निघाली आणि तिचे अनुकरण अनेक देशांत झाले. या सगळ्या शाळा आजारी, फिकुटलेल्या, गरीब वस्तीतल्या मुलांसाठी होत्या. ॲम्स्टरडॅमच्या मंडळींनी एक साधा प्रश्न विचारला. मोकळी हवा दुबळ्या मुलाला उपकारक असेल, तर धडधाकट मुलाने तिच्यासाठी आधी आजारी पडायची वाट का बघावी? शाळेच्या नावातल्या 'निरोगी' या शब्दात हा सगळा वाद सामावलेला आहे.

डाउकरची निवड त्यांनी केली ती विचारपूर्वक. जन्म १८९०, शिक्षण डेल्फ्टला, आणि तिथलाच सहाध्यायी बर्नार्ड बायफूट हा त्याचा भागीदार. हिल्व्हर्सुमजवळच्या रानात ॲम्स्टरडॅमच्या हिरे कामगारांच्या संघटनेसाठी या दोघांनी 'झोनेस्ट्राल', म्हणजे सूर्यकिरण, नावाचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम बांधले. ते १९२८ साली सुरू झाले. त्याच्या पैशांची गोष्ट सुरतेच्या आणि मुंबईच्या हिरेबाजाराशी संबंध असलेल्या आपल्या वाचकांना आवडावी. हिऱ्याला पैलू पाडताना तो ज्या पकडीत बसवतात तिला तांब्याची दांडी असे. झिजून निकामी झालेल्या या दांड्या गोळा करायच्या, भंगारात विकायच्या आणि येणारा पैसा क्षयग्रस्त कामगारांसाठी साठवायचा, ही कल्पना यान फान झुत्फेन या कामगार पुढाऱ्याची. हिऱ्यांच्या धुळीत छाती जाळून घेणाऱ्या माणसांनी मोडीत निघालेल्या तांब्यावर पांढरेशुभ्र, काचेचे, उन्हात न्हाणारे रुग्णालय उभारले. दानशूर शेठजींच्या नावाच्या संगमरवरी पाट्या वाचत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही हकीकत थोडी थांबून वाचावीशी वाटते.

आता शाळेकडे वळू. इमारत चौरस, पण रस्त्याच्या आणि भोवतालच्या घरांच्या मानाने कर्णरेषेत फिरवून बसवलेली. मधोमध जिना. वरच्या मजल्यांवर जिन्याच्या दोन अंगांना दोन बंदिस्त वर्ग आणि त्या दोहोंच्या मध्ये, दक्षिणेच्या कोपऱ्यात, एक उघडा वर्ग. त्याला छत आहे, जमीन आहे, कठडा आहे, पण भिंत नाही. दोन्ही वर्गांनी तो आळीपाळीने वापरायचा. बंदिस्त वर्गही नावापुरतेच बंदिस्त, कारण बाहेरच्या बाजूंना पातळ पोलादी चौकटींतली काच आणि तिच्यातली मोठमोठी तावदाने फिरवून उघडता येतात. गरम पाण्याच्या नळ्या काँक्रीटमध्येच पुरलेल्या, म्हणजे खिडकी उघडली तरी सगळी ऊब निघून जाऊ नये.

यातली खरी करामत खांबांची आहे. आपल्या अनुभवातला खांब कोपऱ्यात असतो. घर बांधणारा गवंडी आधी चार कोपरे धरतो. डाउकरने खांब कोपऱ्यांतून काढून चौरसाच्या बाजूंवर आत सरकवले आणि कोपरे अधांतरी सोडले. काँक्रीटच्या तुळया टोकाकडे निमुळत्या होत जातात, कारण टोकाला भार कमी. जिथे जेवढे बळ लागते तिथे तेवढेच काँक्रीट, त्याहून मूठभरही जास्त नाही. काटकसरीला तो नैतिक, जवळजवळ आध्यात्मिक गुण मानत असे. आपल्या स्वयंपाकघरात ही शिकवण जुनीच आहे, पण ती काँक्रीटमध्ये ओतलेली पाहायला क्लिओस्ट्राटला जावे लागते. कोपरा मोकळा झाल्यामुळे वर्गात बसलेल्या मुलाच्या नजरेला अडवायला काहीच उरत नाही. या इमारतीचे सौंदर्य सजावटीत कुठेच नाही. ते या एका निर्णयात आहे.

या हवाप्रेमी शाळेला जागा कुठे मिळाली, तर चारी बाजूंनी घरांनी वेढलेल्या अंगणात! बर्लाझेने आखलेल्या दक्षिण ॲम्स्टरडॅमच्या नगररचनेत रस्त्याकडेच्या घरांच्या सलग, लाल विटांच्या रांगा हा मोठा अभिमानाचा विषय होता. त्या रांगेत हे काचेचे पांढरे प्रकरण नगरपालिकेला रुचेना. पुष्कळ खळखळीनंतर शाळेला वस्तीच्या पोटातली जागा मिळाली आणि रस्त्यावर फक्त एक बुटकी प्रवेशद्वाराची इमारत राहिली. गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या चौकात शाळा बांधली तर सगळ्या गॅलऱ्यांतून ती जशी दिसेल, तशी ही शाळा आसपासच्या मागच्या खिडक्यांतून आणि सज्जांतून दिसते. सुंदर गोष्टीला असे माजघरात कोंडायचे, हा अन्याय खराच. मात्र एका अर्थी तो तिच्या पथ्यावर पडला असे मला वाटते. रस्त्यावर असती तर तिच्यावर बाजारभावाची नजर लवकर पडली असती. अंगणातल्या शाळेच्या जागी दुसरे काय बांधणार?

डाउकर १९३५ साली, पंचेचाळीसही पुरी झाली नव्हती तेव्हा, वारला. ॲम्स्टरडॅममधले सिनेआक हे वार्तापटांचे चित्रपटगृह त्याने आदल्याच वर्षी पुरे केले होते. हिल्व्हर्सुमचे हॉटेल गोइलांड मात्र बायफूटला पूर्ण करावे लागले. हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या इमारती, आणि त्यांतल्या दोघी-तिघी जगात गाजलेल्या.

पुढे काय झाले? क्षयावर औषधे आली. झोनेस्ट्रालचे कामच संपले. १९५७ पासून ते सर्वसाधारण रुग्णालय झाले, वाढीव बांधकामांनी भरून गेले, काही भाग ओसाड पडले. यातला विरोधाभास असा की काही दशकांत क्षयाचा नायनाट होईल आणि मग या वास्तूचे प्रयोजनही उरणार नाही, असा हिशेब करूनच ती इतकी हलकी, इतकी पातळ बांधली होती. जी टिकण्यासाठी बांधलीच नव्हती ती टिकवायची कशी आणि का, या प्रश्नाने हुबर्ट-यान हेन्केट आणि वेसेल दे योंग या दोन डच वास्तुतज्ज्ञांना झपाटले. त्यातूनच १९८८ साली आइंडहोव्हेन येथे आधुनिक वास्तूंच्या जतनासाठी 'डोकोमोमो' ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. झोनेस्ट्रालच्या मुख्य इमारतीचे पुनरुज्जीवन या दोघांनी २००३ च्या सुमारास पुरे केले आणि २०१० साली त्याला जागतिक स्मारक निधीचे आधुनिक वास्तुजतनाचे पारितोषिक मिळाले. काम डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. काचेपासून चौकटीच्या जाडीपर्यंत सगळे मूळच्यासारखे.

आणि तरीही झोनेस्ट्रालला गेल्यावर मला थोडे रिकामे वाटते. खोकणारा कामगार ज्या उन्हासाठी तिथे येऊन पडत असे ते ऊन आहे, कामगार नाही. तो नाही याचा आनंदच मानायचा, पण वास्तू अशा वेळी सुरेख मांडलेल्या वस्तूसारखी दिसू लागते. याउलट क्लिओस्ट्राटची शाळा. तिच्यावर राष्ट्रीय स्मारकाचा शिक्का आहे. तिची डागडुजी एकाहून अधिक वेळा झाली, काही तपशील बदलले, आणि जाणकार त्याबद्दल हळहळतात. पण तिथे दप्तरे आहेत, ओले कोट आहेत, काचांवर चिकटवलेली चित्रे आहेत. डाउकरच्या पारदर्शक कोपऱ्यावर कुणा पोराने कागदाचा मासा चिकटवला तर छायाचित्रकाराचा विरस होतो. मला विचाराल तर त्या माशाने त्या काचेचा मान वाढतो.

इथवर शाळेची बाजू. आता तक्रार. उघड्या वर्गात शाळा भरते का? शाळेच्या वेळापत्रकावर आज हवेचे राज्य राहिलेले नाही, हे कोणत्याही थंड सकाळी फाटकाबाहेरून दिसते. उन्हाळ्यातला एखादा तास, खेळ, वाचन यांना तो उपयोगी पडतो. पण ज्या आग्रहाने ती जागा दोन वर्गांच्या मध्ये, इमारतीच्या मानाच्या कोपऱ्यात बसवली होती, तो आग्रह उरलेला नाही. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. नेदरलँड्सचा वारा ज्यांनी सायकलवर समोरून खाल्ला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पण जतनाची चर्चा वाचावी तर ती चौकटींची जाडी, रंगाची छटा आणि काँक्रीटमधल्या गंजलेल्या सळ्या यांभोवती फिरते. तज्ज्ञांनी त्याच्यावर बोलायचेच, ते त्यांचे काम. तरी या इमारतीचा गाभा एक हक्क आहे. मुलाला चांगली हवा मिळाली पाहिजे, आणि ती औषध म्हणून नव्हे तर रोजच्या जेवणासारखी. या हक्काच्या जतनाचे काय?

हा प्रश्न हवेतला नाही, हे करोनाच्या साथीने दाखवून दिले. २०२०-२१ च्या हिवाळ्यात इथल्या शाळांत खिडक्या उघड्या टाकून, मुलांना अंगावर कोट आणि जाकिटे चढवून वर्ग भरवावे लागले. किती शाळांत पुरेशी हवा खेळते याची देशभर चौकशी झाली. आपल्या घरातली मुले त्या गारठ्यात बसून आली आहेत. ऊर्जा वाचवण्यासाठी घट्ट बंद केलेल्या, नव्याकोऱ्या इमारतींपेक्षा नव्वद वर्षांची एक शाळा या परीक्षेला अधिक तयार होती, ही गोष्ट मला वर्तमानपत्रांत ठळकपणे वाचायला आवडली असती.

म्हणून माझे मत असे. चौकटी जाड करायच्या की पातळ ठेवायच्या, काच दुहेरी की एकेरी, उष्णतेची व्यवस्था कोणती, यांत तडजोड चालेल. मुलांना थंडी वाजू नये, हे कोणत्याही शुद्धतावादापेक्षा मोठे आहे. पण दक्षिणेचा उघडा कोपरा कधीही काचबंद होता कामा नये. वर्षातले आठ महिने तो रिकामा राहिला तरी चालेल. देवघरही दिवसातला बराच वेळ रिकामेच असते, म्हणून कोणी तिथे कपाट ठेवत नाही. वर्गखोल्यांची टंचाई भासली की पहिली नजर अशाच जागेवर जाते. मुंबईतल्या बंद केलेल्या गॅलऱ्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

बदल करूनही इमारत आपला स्वभाव राखू शकते, याचे उदाहरण याच देशात आहे. डेल्फ्टची माँटेसरी शाळा हर्मन हर्ट्झबर्गर याने १९६० ते १९६६ या काळात बांधली आणि पुढे गरजेप्रमाणे स्वतःच अनेकदा वाढवली. तिथल्या दिवाणखान्यात मधोमध विटांचा एक ठोकळा आहे. तो व्यासपीठ होतो, बाक होतो, मुले त्यावर चढतात, त्याच्याभोवती बसतात. बालवर्गात याच्या नेमके उलट, जमिनीत एक चौकोनी खड्डा आणि त्यात लाकडी ठोकळे, काढून बसायला घ्यावेत असे. या शाळेत काहीही आखडून धरलेले नाही. याच हर्ट्झबर्गरच्या दोन जुळ्या शाळा १९८३ साली पुऱ्या झालेल्या, त्या क्लिओस्ट्राटपासून चालत जाण्याच्या अंतरावर अपोलोलानजवळ आहेत. त्यांच्या मधल्या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे एक छोटे प्रेक्षागृहच. डाउकरने मुलाला हवा दिली, हर्ट्झबर्गरने पायरीवर बसायला जागा दिली. एकाच फेरीत तिन्ही पाहाव्यात.

माँटेसरी हे नाव आले की आपल्याला कोसबाड आठवल्याशिवाय राहत नाही. मारिया माँटेसरी १९३९ ते १९४९ या काळात, मधला थोडा अवधी वगळता, भारतात होत्या आणि शेवटी १९५२ साली नेदरलँड्समध्येच, नोर्डवाइक येथे, वारल्या. त्यांच्या पद्धतीला मराठी मातीत रुजवले ते ताराबाई मोडकांनी, आधी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने. आदिवासी मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, हा त्यांचा प्रयोग म्हणजे कुरणशाळा. खुल्या हवेची शाळा म्हणून जगाने डाउकरच्या शाळेचे छायाचित्र छापले. कुरणशाळेचे छापण्यासारखे काही नव्हतेच. भिंती नाहीत, खांब नाहीत, अधांतरी कोपरे नाहीत. या दोन शाळांना एकमेकींची खबर असण्याचे कारण नव्हते. पण स्मारकांच्या यादीत फक्त बांधलेलेच जाऊ शकते, ही त्या यादीची मोठीच उणीव आहे.

बांधलेलेही आपण कसे सांभाळतो? अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा वाद अजून ताजा आहे. लुई कानने रचलेल्या तिथल्या अठरा वसतिगृहांपैकी चौदा पाडायचे संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये ठरवले. जगभरातून ओरड झाल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय मागे घेतला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा भूमिका बदलून काही इमारती नव्याने बांधण्याचे जाहीर केले. कारणे दिली ती खोटी नव्हती. विटा झिजल्या होत्या, भेगा पडल्या होत्या. गळक्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला कानच्या कमानींचे सौंदर्य ऐकवणे सोपे असते, तिथे राहायचे नसेल तर. पण त्याच आवारातल्या ग्रंथालयाचे जतन मुंबईच्या वास्तुशिल्पज्ञ ब्रिंदा सोमया यांच्या कचेरीने करून दाखवले होते आणि त्याला २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे विद्या होती, माणसेही होती. कमी पडली ती चिकाटी. क्लिओस्ट्राटची शाळा वाचली ती डच लोकांना वास्तुकलेचे विशेष प्रेम आहे म्हणून, असे मी मानत नाही. तिच्यात रोज सकाळी मुले येत राहिली, पालक भांडत राहिले आणि दुरुस्तीचा खर्च दर खेपेला कुणी ना कुणी उचलला, म्हणून ती वाचली.

जाण्यापूर्वी काही सूचना. ही चालती शाळा आहे, संग्रहालय नाही. शाळेच्या वेळेत आत शिरू नये आणि मुलांची छायाचित्रे तर मुळीच घेऊ नयेत. वास्तुकलेचे विद्यार्थी जगभरातून येऊन फाटकाशी ताटकळतात, त्यांत आपली भर पडली तरी ती समंजस असावी. रस्त्यावरून, प्रवेशद्वाराच्या इमारतीतल्या मोकळ्या भागातून, पुष्कळ दिसते, आणि शनिवार-रविवारी गर्दीही नसते. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी इथे 'ओपन मोन्युमेंटेनडाख' असतो, म्हणजे देशभरातल्या जुन्या वास्तू लोकांसाठी खुल्या होतात. त्या वर्षीच्या यादीत कोणत्या शाळा आहेत हे आधी पाहून घ्यावे. मुलांना बरोबर न्यावे आणि सगळ्यांत वरच्या उघड्या वर्गाकडे बोट दाखवून त्यांना विचारावे, पाऊस पडत असेल तर तू आत बसशील की बाहेर? मोठ्यांचे उत्तर आपल्याला माहीत आहे.